चार क्विंटलचा फोन

२०२२च्या जूनमधली गोष्ट. मृगाचा एक पाऊस येऊन गेला होता, वावरं वखरून तयार होती, आणि घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात माझ्या सेवा केंद्रासमोर सकाळपासून रांग लागली होती. कोणाला पीक कर्जासाठी सातबारा पाहिजे, कोणाची ई-केवायसी अडलेली. त्या रांगेत आमच्या शेजारचे काकाजी होते. कृषी केंद्रातून बियाण्याच्या थैल्या उचलायच्या होत्या, सोसायटीचं कर्ज मंजूर व्हायला अजून पंधरा दिवस होते, आणि पाच हजार रुपये बसल्या जागी देणारं एक अ‍ॅप त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. "पोरी, एवढं भरून दे ना व, मले नाही समजत," म्हणत त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

मी भरून दिलं. आधार, पॅन, बँकेचं खातं. मग अ‍ॅपनं विचारायला सुरुवात केली. कॉन्टॅक्ट पाहू का? फोटो पाहू का? मेसेज वाचू का? माझं बोट 'परवानगी द्या' वर पडत गेलं. मागं माणसं खोळंबली होती आणि मला काम उरकायचं होतं. त्या तीन प्रश्नांना मिळून मी तीन सेकंदही दिले नसतील.

काकाजींच्या हाती पाच हजारांतले तीन हजार आणि काही रुपये आले. बाकीचे 'फी' म्हणून तिथंच कापले गेले. मुदत सात दिवसांची. आठव्या दिवशी त्यांच्या फोनमधल्या प्रत्येक नंबरवर त्यांचा फोटो गेला, वर लाल अक्षरात 'चोर'. कृषी केंद्रवाल्याला गेला, मुलीच्या शाळेतल्या बाईंना गेला, साळ्याला गेला. नुकतीच ज्यांच्याशी सोयरीक जुळली होती त्या व्याह्यांनाही गेला. सोयरीक मोडली नाही, पण लग्नात त्या घरातली मोठी माणसं आली नाहीत, आणि गावात असं न येणं सगळ्यांच्या लक्षात राहतं.

काकाजी माझ्याशी भांडले नाहीत. एका संध्याकाळी केंद्राच्या पायरीवर बसून त्यांनी एवढंच विचारलं, "माह्या फोनातले नंबर त्याइले कोणं देल्ले व?"

त्या दिवशी मी उत्तर दिलं नाही.

त्याच वर्षी २ सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेनं डिजिटल कर्जाची नियमावली काढली. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपनं ग्राहकाच्या कॉन्टॅक्टला, फाइलींना, कॉलच्या नोंदींना हात लावू नये असं त्यात स्पष्ट आलं. मी ते छापून केंद्राच्या भिंतीवर लावलं. पण नियम लागतो तो बँकांना, नोंदणी असलेल्या कंपन्यांना आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या अ‍ॅपना. ज्याची कुठं नोंदच नाही असं अ‍ॅप भिंतीवरचा कागद वाचत नाही. तिथं माणसाच्या हातात उरतो फक्त त्याचा फोन. तो फोन कोणाचं ऐकतो, हा प्रश्न मला त्या पायरीवर पडला आणि पुढची तीन वर्षं सुटला नाही.

घरी हा विषय काढला की मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणायचे, "आपल्याजवळ काय आहे लपवायले? चार एकर वावर अन् दोन बैलं. सारं गाव पाहते." ते प्रामाणिकपणे म्हणायचे, आणि गावात नव्वद टक्के माणसं हेच म्हणतील. पण याच मामाजींनी कापूस मोजून आल्यावर पट्टीवरचा आकडा कधी चावडीवर सांगितलेला मी ऐकलं नाही. सासूबाईंच्या ऑपरेशनचे कागद गोदरेजच्या कपाटात खालच्या खणात असतात, साड्यांखाली. कर्ज किती, दुखणं काय, मुलीसाठी कोणाचं स्थळ आलंय, ही लपवायची पापं नव्हेत. या गोष्टी कोणाला सांगायच्या हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं, एवढंच.

२४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं निकाल दिला की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी आधारच्या प्रश्नावर केलेल्या याचिकेतून ते प्रकरण उभं राहिलं होतं. खासगीपणा म्हणजे खात्यापित्या घरच्या लोकांची चैन, गरिबाला आधी अन्न पाहिजे, असा युक्तिवाद तिथंही झाला होता. न्यायालयानं तो फेटाळला. मी कायदा शिकलेली नाही. पण काकाजींची पायरी पाहिलेल्या माणसाला तो युक्तिवाद का टिकला नाही हे समजावून सांगावं लागत नाही.

तर फोन. गूगलच्या अ‍ॅन्ड्रॉइडचा, म्हणजे फोन चालवणाऱ्या प्रणालीचा, गाभा मुक्त आहे, कोणीही घेऊन त्यावर आपली प्रणाली बांधू शकतो, हे मला एका रात्री वाचताना कळलं. अशा प्रणाली बऱ्याच आहेत. त्यातली लिनेजओएस सगळ्यांत जास्त फोनवर चालते. सायनोजेनमॉड नावाचा प्रकल्प २०१६च्या शेवटी बंद पडला तेव्हा त्याच लोकांनी ती उभी केली. दिराचा पाच वर्षांचा जुना फोन ड्रॉवरमध्ये पडून होता, त्यावर मी ती टाकून पाहिली. फोन खरंच हलका झाला. कंपनीनं भरून दिलेली, काढता न येणारी अ‍ॅपं गेली. जुना फोन फेकण्याऐवजी वापरायचा असेल तर मी आजही लिनेजच सांगते.

पण तो फोन चालू करताना दर वेळी एक इशारा दाखवायचा, की कुलूप उघडं आहे. ते कुलूप म्हणजे काय हे समजून घ्यायला मला आठवडा लागला, आणि फोन निवडण्याचा सगळा प्रश्न तिथंच येऊन थांबतो, म्हणून जरा सावकाश सांगते.

आमच्याकडं बियाण्याची थैली घेताना माणूस आधी शिलाई पाहतो. बोगस बियाण्यानं यवतमाळ जिल्ह्यात किती हंगाम बुडवलेत ते सांगायला नको. शिलाई शाबूत, लेबल शाबूत, लॉट नंबर जुळतो, मगच थैली खांद्यावर. फोनमध्ये ही शिलाई तपासायचं काम बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम करतो. फोन चालू झाला की सगळ्यांत आधी तो जागा होतो आणि पुढं सुरू होणाऱ्या प्रणालीवर बरोबर माणसाची सही आहे का ते पाहतो. सही जुळली नाही तर फोन पुढं जात नाही. दुसरी प्रणाली टाकायची तर ही शिलाई उसवावी लागते, म्हणजे बूटलोडर अनलॉक करावा लागतो. पुष्कळ कंपन्या उसवूच देत नाहीत. काही देतात, पण वाट पाहायला लावतात. शाओमीच्या फोनसाठी १६८ तास, म्हणजे सात दिवस थांबावं लागत असे. सॅमसंगच्या फोनात दुसरी प्रणाली शिरली की आतला एक फ्यूज कायमचा उडतो आणि त्याच्या भरवशावर चालणाऱ्या काही सोयी परत मिळत नाहीत.

आणि उसवल्यावर? बहुतेक फोनमध्ये नव्या प्रणालीच्या सहीनं शिलाई पुन्हा घालताच येत नाही. थैली उघडीच राहते. दिराच्या फोनचं तेच झालं होतं. रात्री एसटी स्टँडवर तो कोणाच्या हाती लागला असता, तर आतली प्रणाली बदलून तो परत खिशात ठेवला तरी मला पत्ता लागला नसता. दाराला रंग नवा, कडी गायब, असा तो प्रकार.

शिलाई उसवून, आपल्या पसंतीचं भरून, पुन्हा आपल्या सहीनं शिवता येईल असे फोन मोजके. फेअरफोन त्यातला एक, पण तो भारतात विकत नाहीत. माझ्या नजरेत उरला गूगलचा पिक्सेल. गूगलच्या नजरेआड व्हायचं तर गूगलचाच फोन घ्यायचा, हे पचवायला मला वेळ लागला. पण कारण साधं आहे. बाकीच्या बहुतेक कंपन्यांनी जी किल्ली मालकाला दिली नाही ती या फोनमध्ये मालकाला मिळते. अ‍ॅन्ड्रॉइडच्याच गाभ्यावर बांधलेली, खासगीपणा जपणारी ग्राफीनओएस ही प्रणाली मी फोन घेतला तेव्हा फक्त पिक्सेलवरच चालत होती. त्यांच्या अटी कडक आहेत: कुलूप दुसऱ्या सहीनं परत लागलं पाहिजे, पासवर्ड जपणारी वेगळी चिप पाहिजे, सुरक्षेचे अपडेट वेळेवर आले पाहिजेत. आमच्या तालुक्याच्या बाजारात दहा-बारा हजारांना मिळणारा एकही फोन या अटींत बसत नाही. याचं मला फार वाईट वाटतं. ज्याला याची सगळ्यांत जास्त गरज आहे त्याच्या खिशाला तो फोन परवडत नाही.

मग मी वर्षं मोजत बसले. पिक्सेल ६ए भारतात जुलै २०२२मध्ये ४३,९९९ रुपयांना आला. त्याचे सुरक्षा अपडेट जुलै २०२७पर्यंत. ७ए मे २०२३चा, किंमत तीच, अपडेट मे २०२८पर्यंत. ८ए मे २०२४चा, ५२,९९९ रुपयांचा, पण पिक्सेल ८पासून गूगलनं सात वर्षांचं वचन दिलं, म्हणून तो मे २०३१पर्यंत चालेल. शिवाय ८पासूनच्या चिपमध्ये एक नवी सोय आहे. एखादा प्रोग्राम आपल्या हद्दीबाहेरच्या मेमरीला हात लावायला गेला की चिप त्याला तिथंच पकडते. दुसऱ्याच्या धुऱ्यात वखर घुसावा आणि त्याच क्षणी आवाज व्हावा तसं. ग्राफीनओएस ही सोय प्रणालीच्या गाभ्यात सुरुवातीपासून चालू ठेवते. फोन जुना घ्यायचा असेल तर आज तो किती स्वस्त मिळतो यापेक्षा त्याचे किती अपडेट शिल्लक आहेत हे पाहावं, असं मी ठामपणे म्हणेन. अपडेट संपलेल्या फोनवर कितीही चांगली प्रणाली टाका, आतल्या चिपांचे दोष बुजवणारं कोणी उरत नाही.

२०२४-२५च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. नवा ८ए म्हणजे सात क्विंटल. एवढा कापूस आमच्या एका एकरात चांगल्या सालीही मुश्किलीनं होतो. आमच्या घरचे काही बोलले नाहीत, पण कापसाच्या गंजीकडं पाहून मीच नाही म्हटलं आणि वापरलेला शोधायचं ठरवलं.

मार्चमध्ये पहाटेच्या एसटीनं यवतमाळ, तिथून कळंब, वर्धा करत नागपूर. सीताबर्डीत दुपारपर्यंत फिरले. पहिल्या दुकानात अमेरिकेतून आलेला पिक्सेल ७ चांगल्या भावात होता. मी सेटिंगमध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टकटक केली, डेव्हलपरचे पर्याय उघडले आणि 'ओईएम अनलॉकिंग'चं बटन पाहिलं. ते करड्या रंगाचं होतं, दाबलं जात नव्हतं. फोनला नेट जोडून पुन्हा पाहिलं, तरी तेच. अमेरिकेत सिम देणाऱ्या काही कंपन्या आपल्यामार्फत विकलेल्या फोनचं हे बटन बंद ठेवतात, आणि ते बंद असेल तर त्या फोनवर दुसरी प्रणाली येणं नाही. दुकानदार म्हणाला, "ताई, फोन तं एकदम ओके आहे." त्याच्या हिशेबानं तो ओकेच होता.

चौथ्या दुकानात भारतातला ८ए मिळाला. बटन दाबलं गेलं. आधीच्या मालकाचं गूगल खातं निघालेलं आहे ना ते पाहिलं. आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढून १४४२२ वर 'केवायएम' लिहून तो नंबर पाठवला. फोन चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर तिथून कळतं. हे शेवटचं काम तर कुठलाही जुना फोन घेताना प्रत्येकानं करावं. तीस हजार दिले. चार क्विंटल. बिल मागून घेतलं आणि पर्स पोटाशी धरून परतीच्या गाडीत बसले.

प्रणाली टाकायला मी रात्रीची वेळ निवडली, कारण आमच्याकडं नेट रात्री अकरानंतरच नीट येतं. ग्राफीनओएसचं इन्स्टॉलर ब्राउझरमधूनच चालतं. केंद्राचा लॅपटॉप, एक धड केबल, बस. फोन बंद करून आवाज कमी करायचं बटन दाबून चालू केला, कुलूप उघडलं, फाइल उतरायला लागली. अर्ध्यात लाईन गेली. लॅपटॉपची बॅटरी होती, पण राउटर बंद पडला आणि फाइल तुटली. अंगणात बाज टाकून बसले. समोर तुरीच्या काड्यांचा भारा, वर चांदणं, आणि मांडीवर अर्धवट उघडलेला तीस हजारांचा फोन. भीती वाटत होती हे कबूल करते. लाईन दोन वाजता आली. पुन्हा सुरू केलं. फाइल उतरली, भरली गेली, आणि शेवटी सगळ्यांत मोलाची पायरी आली: कुलूप पुन्हा लावा. मी लावलं. त्यानंतर फोन चालू होताना पिवळ्या खुणेची पाटी येते आणि सांगते की इथं वेगळी प्रणाली आहे, आणि खाली त्या सहीचा लांबलचक आकडा. तो आकडा मी वहीत उतरवून घेतलेल्या आकड्याशी एकेक अक्षर जुळवला. जुळला. शिलाई बसली होती.

आत काय बदललं? पहिल्यांदा काहीच नसल्यासारखं वाटतं. गूगलचं एकही अ‍ॅप नाही. पाहिजे तर गूगल प्ले टाकता येतं, पण ते बाकी अ‍ॅपसारखंच एक साधं अ‍ॅप म्हणून राहतं, घरमालक म्हणून नाही. प्रत्येक अ‍ॅपची नेटची परवानगीसुद्धा काढून घेता येते. माझ्या कीबोर्डची मी काढली आहे. तो मराठी उमटवतो, पण मी काय लिहिलं ते कोणाला पाठवू शकत नाही. फोन ठरावीक तास उघडलाच नाही तर तो स्वतः बंद होऊन चालू होतो, म्हणजे आतला माल पुन्हा कुलूपबंद. ही वेळ सुरुवातीला १८ तासांची असते.

आणि एक सोय, जिच्यासाठी मी चार क्विंटल घातले. काही अ‍ॅपं कॉन्टॅक्टची परवानगी दिल्याशिवाय पुढंच जात नाहीत. साध्या फोनवर तिथं माणूस हरतो. इथं अ‍ॅपला वाटतं परवानगी मिळाली, पण त्याला यादी दिसते ती रिकामी, किंवा मी निवडून दिलेली दोन नावं. फोटोंचंही तसंच. पहिल्यांदा हे करून पाहिलं तेव्हा मी त्या रिकाम्या यादीकडं किती तरी वेळ पाहत राहिले. काकाजींच्या फोनमध्ये त्या दिवशी हे असतं तर व्याह्यांच्या घरची माणसं लग्नात जेवली असती.

अडचणीही आहेत, आणि त्या झाकून हा फोन घ्या असं मी कोणाला सांगणार नाही. माझी दोन बँकांत खाती आहेत. एकीचं अ‍ॅप नीट चालतं, दुसरीचं उघडताच बंद होतं. काही अ‍ॅपं गूगलला विचारतात की या फोनवरची प्रणाली तुझ्या मान्यतेची आहे का, आणि उत्तर नाही असं आलं की दार लावून घेतात. प्रणाली जास्त भक्कम असली तरी फरक पडत नाही. केंद्राचं सरकारी काम, अंगठ्याचं मशीन, हे सगळं मी जुन्याच फोनवर ठेवलंय. म्हणजे दोन फोन, दोन रिचार्ज. शिवाय टॉवरला माझा फोन कुठं आहे ते कळतंच, सिम माझ्या आधारवर आहे, आणि मी व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाशी किती वेळा बोलते याची नोंद व्हॉट्सअ‍ॅपकडं राहतेच. हा फोन माणसाला अदृश्य करत नाही.

केंद्रात मात्र माझी एक सवय बदलली. कोणाचंही अ‍ॅप टाकताना फोन आता माझ्याकडं नसतो, त्यांच्याकडं तोंड करून टेबलावर असतो, आणि प्रत्येक परवानगी मी मोठ्यानं वाचते. रांग लांबते. पोट्टे वैतागतात. लांबू दे.

यंदा दिवाळीनंतर काकाजी बँकेचं नवं अ‍ॅप टाकायला आले. तोच तडा गेलेला फोन. मी तो त्यांच्याकडं वळवला. पहिली परवानगी मेसेजची आली. "बँकेले सिम ओळखाले लागते काकाजी, द्या." त्यांनी स्वतःच्या बोटानं दाबलं. दुसरी कॉन्टॅक्टची.

मी थांबले. मागं तीन माणसं होती. म्हटलं, "काकाजी, त्या साली तुम्ही विचारलं होतं ना, नंबर कोणं देल्ले. मीच देल्ले. हेच बटन होतं. मी वाचलं नाही, दाबलं."

त्यांनी फोनकडं पाहिलं, मग माझ्याकडं. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. मग बोट उचलून 'नाही' वर ठेवलं.

"हं," ते म्हणाले. "पुढचं वाच."